लेसर शलाकेची कंबर

लेसरच्या शलाकेची त्रिज्या जेथे सर्वांत कमी असते, त्या जागेला शलाकेची कंबर म्हणतात. लेसरची शलाका डोळ्यांना ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ भासत असली, तरी तिच्या कडा कोठेही खऱ्या अर्थाने समांतर नसतात. ती एका जागेकडे निमुळती होत येते आणि तेथून पुढे पुन्हा पसरत जाते. लांबीच्या दिशेने छेद घेतला तर आकृती डमरूसारखी दिसते. डमरूच्या मधल्या अरुंद भागाची त्रिज्या ही कंबर-त्रिज्या होय, आणि तो भाग ठरावीक खुणेपासून जितक्या अंतरावर आहे ते कंबरेचे स्थान होय. या दोन संख्या आणि प्रकाशाची तरंगलांबी माहीत असली, की आदर्श शलाका कोणत्याही ठिकाणी किती रुंद असेल हे सांगता येते.

पत्रा कापणे, शेताची पातळी करणे, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणे अशा परस्परांपासून दूरच्या कामांत या दोन संख्यांना महत्त्व आहे. त्या काढण्याच्या रीतीत एक विरोधाभास दडलेला आहे. कंबर ही सर्वांत बारीक जागा खरी. परंतु बारीक जागा शोधत गेल्याने ती नेमकी सापडत नाही. तिच्यापासून दूर, दोन्ही अंगांना, रुंदी मोजून ती गणिताने काढावी लागते.

स्वरूप आणि संज्ञा

शलाकेच्या आडव्या छेदात मध्यभागी प्रकाश सर्वांत तीव्र असतो आणि कडेकडे तो हळूहळू मंदावत जातो. या उताराचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो. संख्याशास्त्रात मोजमापांतील चुका कशा विखुरतात हे दाखवण्यासाठी हाच आलेख काढतात, आणि जर्मन गणिती कार्ल फ्रीदरिश गाउस (१७७७–१८५५) यांच्या नावाने तो ओळखला जातो. म्हणून अशा शलाकेस गाउसीय शलाका असे नाव पडले. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली चालवला. शलाकेच्या वर्तनाचे गणित पुढच्या सहा-सात वर्षांत सिद्ध झाले आणि हर्विग कोगेल्निक व टिंग्ये ली यांच्या १९६६ मधील लेखाने ते अभियंत्यांच्या हाती दिले.

घंटेच्या उताराला तुटलेली कड नसते. कपाळावरच्या टिळ्याची कड दाखवता येते, धुक्याची येत नाही, तसेच हे आहे. म्हणून कड संकेताने ठरवतात: मध्यभागीच्या तीव्रतेच्या १३.५ टक्के इतकी तीव्रता जेथे उरते, तेथवरचे अंतर म्हणजे शलाकेची त्रिज्या. या वर्तुळात शलाकेची ८६.५ टक्के शक्ती सामावते. त्रिज्येच्या दीडपट त्रिज्येचे छिद्र ठेवले तर त्यातून ९८.९ टक्के शक्ती पार होते, आणि भिंगे व आरसे किती मोठे असावेत याचा अंदाज बांधण्यास हा आकडा पुरेसा आहे.

याच ठिकाणी सर्वांत जास्त घोटाळे होतात. कोणी त्रिज्या सांगतो, कोणी व्यास. कोणी तीव्रता निम्मी होते तेथवरची पूर्ण रुंदी सांगतो, जी वरील त्रिज्येच्या १.१८ पट भरते. त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर तीव्रतेचा हिशेब चौपटीने चुकतो. यंत्राच्या माहितीपत्रकात नुसते ‘आकार’ असे लिहिले असेल, तर तो कोणत्या संकेताने मोजला आहे हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

‘कंबर’ हा शब्द परभाषेतील संज्ञेवरून आला असला, तरी मराठीत तो उपरा वाटत नाही. घागरीला गळा, नदीला मुख आणि डोंगराला सोंड देणाऱ्या भाषेला प्रकाशाला कंबर देणे जड जाऊ नये. ‘कटी’ हा तत्सम शब्द अधिक भारदस्त दिसला असता. या लेखात रोजचाच शब्द ठेवला आहे.

रॅले अंतर आणि अपसरण

कंबरेपासून जसजसे दूर जावे तसतशी त्रिज्या वाढते, पण सुरुवातीला अगदी संथपणे. ज्या अंतरावर शलाकेच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट होते, म्हणजेच त्रिज्या कंबर-त्रिज्येच्या १.४१ पट होते, त्या अंतरास ब्रिटिश भौतिकीविद लॉर्ड रॅले यांच्या नावावरून रॅले अंतर म्हणतात.

रॅले अंतर = पाय × कंबर-त्रिज्येचा वर्ग ÷ तरंगलांबी

कोणत्याही जागेची त्रिज्या पुढील नियमाने मिळते:

त्रिज्येचा वर्ग = कंबर-त्रिज्येचा वर्ग × (१ + गुणोत्तराचा वर्ग)

येथे गुणोत्तर म्हणजे कंबरेपासूनचे अंतर भागिले रॅले अंतर. फार दूर गेल्यावर शलाकेची कड एका सरळ रेषेला चिकटत जाते. ती रेषा अक्षाशी जो कोन करते त्यास अपसरण कोन म्हणतात. तरंगलांबीला पाय आणि कंबर-त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागले की तो रेडियनमध्ये मिळतो.

या सूत्रांचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: कंबर जितकी बारीक, तितका पुढचा पसारा मोठा. हातात धरण्याच्या लाल लेसरचे उदाहरण घेऊ. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर आणि कंबर-त्रिज्या अर्धा मिलिमीटर धरली, तर रॅले अंतर सुमारे १.२ मीटर येते आणि १०० मीटरवर ठिपक्याचा व्यास सुमारे ८ सेंटिमीटर होतो. कंबर निम्मी केली, तर त्याच जागी ठिपका दुप्पट मोठा होईल. हे भिंगाचे किंवा कारागिराचे वैगुण्य नव्हे. विवर्तन हा प्रकाशाच्या तरंगस्वरूपाचाच गुण आहे, आणि कोणतेही भिंग त्यापासून सुटका करून देऊ शकत नाही.

वर सांगितलेली शलाका आदर्श आहे. प्रत्यक्षातील शलाका त्याच कंबरेच्या आदर्श शलाकेपेक्षा अधिक वेगाने पसरते. किती पट अधिक, हे सांगणाऱ्या संख्येस ‘एम-वर्ग’ म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ अँथनी सीगमन यांच्यामुळे १९९० च्या सुमारास ती रूढ झाली. आदर्श शलाकेसाठी ती १ असते आणि १ पेक्षा कमी कधीच नसते. हिशेब करताना तरंगलांबीला या संख्येने गुणले, की वरची सर्व सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात.

बारीक जागा पाहून शोधणे का अपुरे पडते

कंबरेपासून रॅले अंतराच्या एक दशांश इतके बाजूला सरकले, तर त्रिज्या केवळ अर्ध्या टक्क्याने वाढते. बहुतेक मोजमापांतील चूक याहून मोठी असते. म्हणजे कंबरेच्या आसपास एक बरीच लांब पट्टी अशी असते, की तिच्यातील कोणतीही जागा निरीक्षकाला सारखीच बारीक दिसते. डोंगरमाथा सपाट असला की सर्वोच्च बिंदू कोणता यावर वाद होतो. तसाच हा प्रकार आहे.

उलटपक्षी, कंबरेपासून रॅले अंतराइतके किंवा त्याहून दूर गेल्यावर त्रिज्या झपाट्याने बदलते, आणि तेथील प्रत्येक मोजमाप कंबरेच्या स्थानाविषयी बरेच काही सांगून जाते. दोन्ही बाजूंना जेथे त्रिज्या सारखी भरते अशा दोन जागा शोधाव्यात आणि त्यांचा मध्य काढावा. हा साधा उपाय बारीक जागेच्या शोधापेक्षा पुष्कळ खात्रीचा आहे.

लेसर मोजमापाच्या आयएसओ १११४६ या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच तत्त्व आहे. किमान दहा जागी मोजमाप करावे. त्यांतील सुमारे निम्मी कंबरेच्या दोन्ही अंगांना एका रॅले अंतराच्या आत असावीत आणि उरलेली दोन रॅले अंतरांच्या पलीकडे, असे ते सांगते.

एका जागेची त्रिज्या मोजणे

सर्वांत स्वस्त आणि तरीही विश्वासार्ह पद्धत पात्याची आहे. दाढीचे पाते सूक्ष्ममापी स्क्रूने सरकणाऱ्या बैठकीवर बसवतात आणि मागे प्रकाशाची शक्ती मोजणारे यंत्र ठेवतात. पाते शलाकेत आडवे सरकवत गेले, की मागे पोचणारी शक्ती हळूहळू घटते. शक्ती ९० टक्के असताना आणि १० टक्के असताना पात्याची जागा नोंदवावी. या दोन जागांमधील अंतराला १.२८ ने भागले की त्रिज्या मिळते. ८४ आणि १६ टक्क्यांच्या जागा घेतल्या तर भागाकाराचीही गरज उरत नाही. त्यांतील अंतर हीच त्रिज्या. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा प्रयोग एका दुपारी होण्यासारखा आहे, आणि गाउसच्या घंटेचा अर्थ फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्यातून अधिक चांगला उमगतो.

कॅमेऱ्याच्या संवेदकावर शलाका घेऊन संगणकाने त्रिज्या काढण्याची पद्धत झटपट असते, परंतु तिला दोन पथ्ये आहेत. प्रकाश इतका तीव्र नसावा की संवेदक भरून जाऊन घंटेचा माथा कापला जाईल. आणि खोलीतील मागचा उजेड वजा केलेला असावा, नाहीतर त्रिज्या खऱ्यापेक्षा मोठी निघते. कागद जाळून डागाचा आकार पाहण्याची रीत शलाका कोठे पडते हे दाखवण्यापुरती ठीक आहे. डागाचा आकार त्रिज्येबरोबरच शक्तीवर, वेळेवर आणि कागदावरही अवलंबून असल्याने तिला मोजमाप म्हणता येत नाही.

जबर शक्तीची शलाका मोजताना लेसरची शक्ती कमी करून मोजण्याचा मोह होतो. तो टाळावा. पूर्ण शक्तीवर भिंगे तापतात आणि कंबर हलते. कमी शक्तीवर ही हालचाल दिसतच नाही. लेसर कामाच्या शक्तीवरच ठेवून, पाचरीच्या आकाराच्या शुद्ध काचेवरून परावर्तित होणारा सुमारे चार टक्के प्रकाश मोजण्यासाठी घेणे हा योग्य मार्ग आहे.

तीन मोजमापांवरून कंबर

शलाकेची कड हा अपास्त असतो. तिच्या त्रिज्येऐवजी त्रिज्येचा वर्ग आलेखावर घेतला, की अपास्ताचा अन्वस्त होतो, आणि शाळेतील वर्गसमीकरणाच्या ज्ञानावर पुढचे काम भागते. अन्वस्त निश्चित करण्यास तीन बिंदू पुरतात.

उदाहरणादाखल, १,०७० नॅनोमीटर तरंगलांबीची शलाका भिंगातून पार झाल्यावर एका खुणेपासून १००, १५० आणि २०० मिलिमीटर अंतरांवर तिच्या त्रिज्या अनुक्रमे ०.१८०, ०.१०७ आणि ०.२४६ मिलिमीटर भरल्या, असे समजू. त्यांचे वर्ग ०.०३२४०, ०.०११४५ आणि ०.०६०५२ येतात.

प्रथम वक्रता काढावी. पहिला आणि तिसरा वर्ग मिळवून त्यातून मधल्याची दुप्पट वजा केली, की ०.०७००२ उरतात. दोन मोजमापांतील अंतर ५० मिलिमीटर आहे. त्याच्या वर्गाच्या दुपटीने, म्हणजे ५,००० ने, भागल्यावर ०.०००००१४ च्या दसपट, अर्थात ०.००००१४ मिळतात. ही वक्रता. तिचे वर्गमूळ म्हणजेच अपसरण कोन: ३.७४ मिलिरेडियन.

नंतर मधल्या जागचा उतार काढावा. तिसऱ्या वर्गातून पहिला वजा करून १०० ने भागले, की ०.०००२८१२ येतात. या उताराला वक्रतेच्या दुपटीने भागले, की सुमारे १० मिलिमीटर मिळतात. उतार धन आहे, म्हणजे मधल्या जागी शलाका पसरू लागलेली आहे. म्हणून कंबर तिच्या १० मिलिमीटर अलीकडे, खुणेपासून १४० मिलिमीटरवर आहे.

शेवटी मधल्या वर्गातून उताराचा वर्ग भागिले वक्रतेची चौपट, म्हणजे ०.००१४१, वजा केले की ०.०१००४ उरतात. त्याचे वर्गमूळ ०.१००. कंबर-त्रिज्या एक दशांश मिलिमीटर ठरली. पाय, कंबर-त्रिज्या आणि अपसरण कोन यांच्या गुणाकाराला तरंगलांबीने भागले की एम-वर्ग १.१० येतो, शलाका आदर्शाच्या बरीच जवळ आहे.

मोजमापातील चूक उत्तरात कशी उतरते हेही याच उदाहरणात पाहता येते. मधली त्रिज्या चुकून ०.१११ नोंदली गेली, तर कंबरेचे स्थान अवघे ०.३ मिलिमीटर हलते, पण कंबर-त्रिज्या ०.१०४ होते. दूरची त्रिज्या ०.२४६ ऐवजी ०.२५६ नोंदली गेली, तर कंबर-त्रिज्येत दोन टक्क्यांचाच फरक पडतो, स्थान मात्र पूर्ण एक मिलिमीटर सरकते. दोन्ही चुका चार-चार टक्क्यांच्याच आहेत. स्थूलमानाने, जवळची मोजमापे कंबरेचा आकार राखतात आणि दूरची तिचे स्थान राखतात. म्हणून दोन्ही हवीत. तीन मोजमापांत चूक उघडकीस येण्यास वावच नसतो. दहा-बारा घेतली तर एखादे बेतालपणे वेगळे पडलेले लगेच दिसते.

भिंगामुळे सरकणारी कंबर

समांतर किरण भिंगातून गेल्यावर नाभीवर एकत्र येतात, असे शालेय पुस्तकात शिकवले जाते. गाउसीय शलाकेची नवी कंबर नाभीच्या जवळपास असते, पण नेमकी नाभीवर असतेच असे नाही. जुनी कंबर भिंगाच्या अलीकडच्या नाभीवर असेल, तरच नवी कंबर पलीकडच्या नाभीवर येते. ज्याने किरणांचे प्रकाशशास्त्र तेवढे शिकले आहे त्याला येथे धक्का बसतो, कारण त्या नियमानुसार नाभीवरील वस्तूची प्रतिमा अनंत अंतरावर जायला हवी.

सर्वसाधारण नियम असा. जुन्या कंबरेचे अलीकडच्या नाभीपासूनचे अंतर ‘क’, जुन्या शलाकेचे रॅले अंतर ‘र’ आणि भिंगाचे नाभीय अंतर ‘न’ मानले, तर नव्या कंबरेचे पलीकडच्या नाभीपासूनचे अंतर पुढीलप्रमाणे मिळते:

न × न × क ÷ (क × क + र × र)

आणि नवी कंबर-त्रिज्या म्हणजे जुनी कंबर-त्रिज्या गुणिले ‘न’, भागिले (क × क + र × र) याचे वर्गमूळ. ‘क’ आणि ‘र’ समान असताना नवी कंबर नाभीपासून सर्वांत दूर जाते. १०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगासाठी, रॅले अंतर एक मीटर असताना, हे जास्तीत जास्त सरकणे ५ मिलिमीटर भरते. कितीही खटपट केली तरी त्या भिंगाने त्या शलाकेची कंबर याहून पुढे फेकता येत नाही.

या नियमाचा उलटाही उपयोग होतो. कित्येक लेसरांची मूळ कंबर पेटीच्या आत, हात न पोचणाऱ्या जागी असते. तेव्हा बाहेर भिंग ठेवून नवी कंबर मोजतात आणि सूत्राने मागे जाऊन मूळ कंबर काढतात.

शिरूर आणि दौंड: एकाच सूत्राच्या दोन गरजा

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके असून भीमा नदी त्यांच्या सीमेवरून वाहते. शिरूर तालुक्यात अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या रांजणगावाजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे, आणि पुणे–नगर रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर परिसरातही कारखाने आहेत. मोटारी आणि घरगुती उपकरणे बनवणाऱ्या अशा उद्योगपट्ट्याला पत्राकामाची सतत गरज असते, आणि आजच्या पत्राकामात लेसरने कापणे ही नित्याची क्रिया झाली आहे.

फायबर लेसरचा प्रकाश १,०७० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. तो तंतूतून यंत्राच्या डोक्यापर्यंत येतो. तेथे एक भिंग त्याला समांतर करते आणि दुसरे पत्र्यावर आणते. तंतूच्या गाभ्याचा व्यास १०० मायक्रोमीटर, पहिल्या भिंगाचे नाभीय अंतर १०० आणि दुसऱ्याचे १५० मिलिमीटर असेल, तर कंबरेचा व्यास सुमारे १५० मायक्रोमीटर येतो. अशा तंतूतून येणारी जबर शक्तीची शलाका पुष्कळदा गाउसीय नसते. तिचा एम-वर्ग १ हून बराच मोठा असतो. तरीही त्रिज्येच्या वर्गाचा अन्वस्त तिलाही लागू पडतो, हा या गणिताचा मोठेपणा मानावा लागेल.

कंबर किती मोलाची असते हे आकड्यावरून कळते. एक किलोवॅटची गाउसीय शलाका ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या कंबरेत आणली, तर मध्यभागी प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ६४ लाख वॅट इतकी तीव्रता येते. त्रिज्या दुप्पट झाली की ती १६ लाखांवर उतरते. साधे पोलाद प्राणवायूच्या झोतात कापताना कंबर सामान्यतः पत्र्याच्या पृष्ठाच्या वर ठेवतात. स्टेनलेस स्टील नायट्रोजनच्या झोतात कापताना ती पृष्ठाच्या खाली, पत्र्याच्या जाडीत उतरवतात. स्थान चुकले तर कापाच्या खालच्या कडेला बर धरतो, काप तिरका उतरतो, कधी पत्रा सुटतच नाही, आणि अख्खा जॉब भंगारात जातो.

ऑपरेटर कंबर शोधतात ती पातळ पत्र्यावर रेघा मारून. प्रत्येक रेघेला डोके अर्धा-अर्धा मिलिमीटर वर-खाली करतात आणि सर्वांत बारीक रेघ निवडतात. मधल्या तीन-चार रेघा डोळ्यांना सारख्याच दिसतात, हा वर सांगितलेल्या सपाट माथ्याचाच परिणाम होय. त्याऐवजी दोन्ही टोकांकडच्या, सारख्या रुंदीच्या दोन रेघा निवडून त्यांच्या उंचीचा मध्य घेतला, तर त्याच पत्र्यातून आणि तितक्याच वेळात अधिक नेमके उत्तर मिळते. भिंगाखालच्या संरक्षक काचेवर धूर आणि शिंतोडे बसले की ती तापते, भिंगासारखी वागू लागते आणि कंबर सहसा भिंगाकडे, म्हणजे वर सरकते. सकाळी नीट कापणारे यंत्र दुपारी बर धरू लागले, तर आधी काच पाहावी ती यासाठी.

दौंड तालुक्याची गरज नेमकी उलटी आहे. खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याचे आणि भीमेचे पाणी या तालुक्यातील उसाला मिळते. अशा पाटपाण्याच्या शेतात जमीन एका पातळीत नसेल, तर उंचवट्यावर पाणी पोचत नाही आणि खोलगटात ते साचून राहते. पाणी तर वाया जातेच, जमीन चोपण होण्याचीही भीती असते. ही पातळी साधण्यासाठी ट्रॅक्टरमागे ओढायचा लेसर लेव्हलर असतो. शेताच्या कडेला तिवईवर ठेवलेला लेसर गोल फिरत प्रकाशाची एक अदृश्य पातळी आखतो. लेव्हलरच्या दांड्यावरील ग्राहक त्या प्रकाशाचा मध्य ओळखतो आणि त्यानुसार मातीचा फावडा वर किंवा खाली होतो.

येथे बारीक कंबर निरुपयोगी आहे. ६३५ नॅनोमीटरच्या शलाकेची कंबर-त्रिज्या एक मिलिमीटर ठेवली, तर रॅले अंतर जेमतेम पाच मीटर येते आणि ३०० मीटरवर शलाकेचा व्यास १२ सेंटिमीटर होतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने माती सारखी करायची असताना एवढ्या पसरट प्रकाशाचा मध्य ओळखणे अवघड जाते. कंबर रुंद करत नेली तर दूरचा ठिपका लहान होत जातो, पण एका मर्यादेपर्यंतच. ३०० मीटरच्या पल्ल्यासाठी ती मर्यादा ७.८ मिलिमीटर त्रिज्येची आहे, आणि त्या वेळी दूरच्या टोकाला व्यास २२ मिलिमीटर असतो. कंबर आणखी रुंद केली तर ठिपका पुन्हा मोठा होऊ लागतो. पल्ल्याइतके रॅले अंतर असेल अशी कंबर निवडावी, हा याचा नियम.

औंढा नागनाथ: आरशांनी ठरवलेली कंबर

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः संमती दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. पुण्याची आयुका ही संस्था या प्रकल्पातील प्रमुख भागीदारांपैकी एक आहे.

या वेधशाळेच्या अमेरिकेतील जुळ्या वेधशाळांत चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजा आहेत, आणि प्रत्येक भुजेच्या टोकांना असलेल्या दोन अंतर्वक्र आरशांमध्ये १,०६४ नॅनोमीटरचा प्रकाश खेळत राहतो. आरशांच्या वक्रता त्रिज्या १,९३४ आणि २,२४५ मीटर, आणि त्यांच्यातील अंतर ३,९९४.५ मीटर. या तीन संख्यांवरून हिशेब केला, तर कंबर पहिल्या आरशापासून १,८३४ मीटरवर येते. तिची त्रिज्या १२ मिलिमीटर आणि रॅले अंतर सुमारे ४२८ मीटर. आरशांवर शलाकेची त्रिज्या अनुक्रमे ५.३ आणि ६.२ सेंटिमीटर भरते. ठिपका मुद्दाम एवढा मोठा ठेवलेला आहे: आरशाच्या लेपातील कणांची औष्णिक थरथर मोठ्या क्षेत्रावर सरासरीने निवळते.

कारखान्यात कंबर शोधावी लागते. येथे ती आधीच ठरवून आरसे त्याप्रमाणे घासले जातात. नळीच्या मध्यावर जाऊन तिला कोणी पाते लावत नाही. आरशाची वक्रता किंचित बदलली तरी कंबर सरकते, म्हणून आरशांना बाहेरून मंद उष्णता देऊन वक्रता जागेवर राखण्याची व्यवस्था केलेली असते.

मोजमाप करताना घ्यावयाची काळजी

सुमारे ४०० ते १,४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याच्या आत, पडद्यापर्यंत पोचतो. डोळ्याचे भिंगही भिंगच असल्याने ते शलाकेची नवी कंबर बनवते, आणि ती नेमकी दृष्टिपटलावर, काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर इतकी बारीक असते. १,०६४ किंवा १,०७० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटण्याची सहज क्रियाही घडत नाही. इजा झाल्यावरच ती कळते. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चश्मा घातल्यावाचून मोजमापास हात लावू नये. उन्हाचा काळा चश्मा येथे कुचकामी आहे. पात्याच्या पद्धतीत पात्याची चकचकीत बाजू शलाकेला खोलीत भलतीकडे परतवते. म्हणून पाते काजळी धरून काळे करतात, शलाका डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवतात, आणि अंगठी व घड्याळ काढून ठेवूनच बैठकीचा स्क्रू फिरवतात.